गमबुटांविषयी सविस्तर

साउथलंड, न्यूझीलंड
ऑक्टोबरचा पहिला आठवडा

तीर्थरूप आप्पा आणि तीर्थरूप आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपण जवळजवळ रोजच बोलतो, त्यामुळे जेवण, झोप आणि थंडी यांविषयी इथे पुन्हा लिहीत नाही. गेल्या रविवारी व्हिडिओवर आईला माझ्या टाचेची पट्टी दिसली आणि तिने ‘तिथे पायात घालायलाही काही देत नाहीत का?’ असे विचारले, तेव्हा मी उगीचच आवाज चढवला. त्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे द्यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

टाचेला फोड आला होता, तो आता बसला आहे. देण्याचे म्हणाल, तर ज्यांच्या दुभत्या गाईंवर मी कामाला आहे त्या मालकांनी पहिल्याच दिवशी शेडमधला एक गमबुटांचा जोड माझ्यापुढे ठेवला होता. तो एका मापाने मोठा होता, आणि मी भिडेखातर ‘अगदी बरोबर बसतो’ असे सांगून टाकले. त्याचे फळ दुसऱ्याच दिवशी मिळाले. गाई आणायला गेलो असताना फाटकापाशी चिखलात पाय रुतला, मी जोर लावला, तेव्हा बूट तिथेच राहिला आणि मोजा घातलेला पाय तेवढा वर आला. एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाचा बूट दोन्ही हातांनी उपसणारा मी आणि भोवती शांतपणे रवंथ करणाऱ्या गाई, हे दृश्य आप्पांनी पाहिले असते तर महिनाभर गावात सांगितले असते.

मग मी स्वतःच्या पैशाने एक जोड घेतला, आणि इथे माझा काटकसरी स्वभाव नडला. रबराच्या जोडाशेजारीच पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचाच म्हणा, चकचकीत आणि निम्म्या किमतीचा जोड होता, तो मी उचलला. जुलैत इथे ऐन हिवाळा असतो आणि पहाटे गवतावर पांढरे दहिवर गोठलेले असते. त्या थंडीत हे बूट लाकडासारखे ताठ होत, आणि पाऊल टाकताना चवड्यावर जिथे घडी पडते तिथेच ते एके दिवशी तडकले. आप्पा सायकलची ट्यूब जोडतात तसे मी सोल्यूशन लावून ठिगळ मारले. पण ते सोल्यूशन रबराला धरते, पीव्हीसीला धरत नाही. तिसऱ्या धारेला ठिगळ सुटून शेडमधल्या पाण्यावर तरंगत गेले आणि मोजा पुन्हा भिजला.

आता माझ्याकडे आहे तो नैसर्गिक रबराचा, आतून कापडाचे अस्तर असलेला जोड. रबर थंडीतही मऊ राहते आणि ओल्या काँक्रीटवर पकड धरते. मात्र तेल, दुधातली चरबी आणि ऊन यांनी रबर लवकर म्हातारे होते. म्हणून धारा झाल्या की बूट पाण्याने आणि ब्रशने धुऊन सावलीत उलटे टांगायचे, शेकोटीजवळ किंवा हीटरजवळ न्यायचे नाहीत, आणि आत ओल राहिली तर वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवायचे. निओप्रीनचे, म्हणजे फेसाळ कृत्रिम रबराचेही बूट मिळतात; ते हलके आणि उबदार असतात, पण काटेरी तारेला एकदा अडकले की फाटतात, आणि चार पावले भरभर चाललो तरी माझे पाय त्यात घामाने चिंब होतात.

मापाचे म्हणाल, तर ते नेहमी संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडे सुजलेले असतात. ज्या मोज्यांवर काम करणार तेच लोकरीचे जाड मोजे घालूनच बूट चढवावा, सुती मोजे ओले झाले की गार पडतात. बोटांच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे आणि चालताना टाच फारशी उचलली जाता कामा नये. चारशे-पाचशे किलोची गाय पायावर उभी राहिली तर काय, ही आईची शंका रास्त आहे; पायाच्या बोटांवर पोलादी टोपी असलेले गमबूट मिळतात आणि वासरांच्या हंगामात मी तेच घातले, फक्त थंडीत ते पोलाद बोटांपाशी बर्फासारखे लागते. शेणामुताच्या रोगाची काळजीही करू नये. आपल्याकडे पावसाळ्यात ज्या लेप्टोची भीती असते तो गाईंच्या मूत्रातून इथेही पसरतो, पण इथे गाईंना त्याची लस देतात. शिवाय पाणतुमान, म्हणजे पाणी न शिरणारी तुमान, बुटावरून बाहेरच्या बाजूने घेतली की वरून पडणारे पाणी आत जात नाही. ही तुमान आत खोचायची नाही, एवढे साधे शहाणपण यायला मला दोन आठवडे लागले.

आप्पा, इंग्रजीत या बुटांना ‘वेलिंग्टन’ असेही म्हणतात, आणि तो वेलिंग्टन आपल्या ओळखीचा आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या या वेलस्लीने लंडनच्या मोच्याकडून पायाला बेताचे बसणारे कातडी बूट करून घेतले आणि ते नाव रूढ झाले. गुडइयरने १८४४ मध्ये रबर पक्के करण्याच्या रीतीचे पेटंट घेतल्यानंतर तेच बूट पुढे रबराचे होऊ लागले. ज्याच्या तोफांचे गोळे आपल्या जालन्याच्या शिवारात पडले, त्याच्या नावाचे बूट घालून मी शेण ओढतो, हे तुम्हाला सांगायचे राहून गेले होते.

इथल्या लोकांची या बुटांवरची माया मात्र मला अजून उमगलेली नाही. उत्तर बेटावर तायहापे नावाचे गाव आहे. ते स्वतःला जगाची गमबूट राजधानी म्हणवते, तिथे पत्र्याचा एक प्रचंड गमबूट उभा केला आहे, आणि १९८५ पासून तिथे गमबूट दिन साजरा होतो. त्या दिवशी लोक गमबूट फेकतात. आई, हे भांडण नव्हे. आपल्याकडे कोणी पायातले काढून फेकले तर पंचायत बसते, पण इथे म्हातारी माणसे आणि लहान मुलेसुद्धा रांगेत उभी राहतात, हात मागे नेऊन बूट जमेल तितका लांब भिरकावतात, मग कोणीतरी टेपाने अंतर मोजतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. बूट कोणाच्याही दिशेने फेकलेला नसतो, कोणाचा अपमान होत नाही आणि बूट पुन्हा वापरतात. मी तिथे गेलेलो नाही, मालकांनी फोनमध्ये दाखवले. पाहताना नकळत मी मनातल्या मनात त्या बुटाच्या पाया पडलो.

आता फोडाची हकीकत. सुट्टीच्या दिवशी मालक डोंगरात हरणाच्या शिकारीला निघाले आणि मला सोबत चल म्हणाले. हरणे इथली मूळची नाहीत, एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणून सोडलेली आहेत आणि ती जंगल खाऊन टाकतात, म्हणून सरकारी वनात फुकट परवाना घेऊन ती मारू देतात. आईच्या गळ्यातली माळ माझ्या लक्षात आहे. मी बंदुकीला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही, मी फक्त पिशवी वाहिली. पिशवीत परतताना काय होते, ते विचारू नये.

डोंगराला गमबूट चालत नाहीत, घोटा मुरगळतो. तिथे कडक तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे कातडी बूट लागतात. मी मालकांच्या मुलाचे, आत जलरोधक पडदा असलेले बूट मागून घातले. इथले लोक नदी आली की बूट काढत नाहीत, बुटांसकट पाण्यात उतरतात, कारण तळाचे गोटे अनवाणी पायाला फार निसरडे लागतात. पाणी गुडघ्याला होते. बुटात वरून शिरलेले पाणी त्या पडद्याने बाहेर जाऊ दिले नाही आणि मी दोन तास दोन कळश्या पायात बांधल्यासारखा चाललो. मालकांचे साधे, मेण लावलेले जुने कातडी बूट चालता चालता निथळून गेले होते. नदीच्या मुलखात पाणी अडवणाऱ्या बुटापेक्षा लवकर निथळणारा आणि पायाला सरावलेला बूट बरा, असे माझे मत झाले आहे. फोड मागून घेतलेल्या बुटाचा होता, नोकरीचा नव्हे.

या महिन्यात बारा हजार रुपये कमी पाठवले, ते या रबरी जोडामुळे आणि मोज्यांमुळे. पुढच्या महिन्यात भरून काढीन. लग्नाच्या हॉलच्या राहिलेल्या रकमेसाठी हॉलवाल्यांना तोपर्यंत थांबायला सांगावे. ताईच्या लग्नाबद्दल मी फोनवर ‘बघतो’ म्हणालो होतो. मार्गशीर्षात इथे गाई फळवण्याचे काम ऐन भरात असते आणि शेडवर आम्ही तिघेच आहोत, त्यामुळे मला येता येणार नाही. कानपिळीला काकांच्या धाकट्याला उभे करावे, आणि त्याने कान जरा जोरात पिळला तरी चालेल, असे भावोजींना माझ्या वतीने सांगावे. ताईला हे मी स्वतः सांगेन, तुम्ही सांगू नये.

शेवटची एक विनंती. गव्हाला पाणी द्यायची लाईट यंदाही रात्रीचीच असेल आणि आप्पा यंदाही चपलेवरच बांधावर जातील. जालन्यातही गमबूट मिळतात हे मला माहीत आहे, आणि दोन वर्षांत मी ते एकदाही घेऊन दिले नाहीत हेही माहीत आहे. इथला एक मित्र कार्तिकात गावी येतो आहे, त्याच्याबरोबर एक जोड पाठवतो. आप्पांना संध्याकाळी, शेतातून आल्या आल्या, कागदावर उभे करून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवावी आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवावा. ‘मला आठ नंबर होतो’ असे ते सांगतील, ते ऐकू नये, कागदच पाठवावा.

आपला आज्ञाधारक,
बाळू