सूचना : विजयानंतरचा पहिला सराव

मुलींनो, कालच्या बास्केटबॉल सामन्यातल्या विजयाबद्दल सगळ्यांचं मनापासून अभिनंदन! बचाव सुरेख झाला. एकमेकींच्या मदतीला वेळेवर धावलात आणि राखीव खेळाडू कोर्टवर आल्यावरही वेग उतरला नाही. मला सर्वांत जास्त आनंद याचाच आहे.

आता कच्च्या बाजू. रिबाउंडच्या वेळी, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर परत उडालेला चेंडू पकडताना, आपण चेंडूकडे बघत उभ्या राहतो. शॉट सुटताच आधी समोरच्या खेळाडूला पाठीने अडवायचं, मग चेंडूकडे झेपावायचं. नाहीतर उत्तम बचाव करूनही त्यांना बास्केटखाली दुसरी संधी मिळते.

फाउलचंही तेच. एका क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी एकात) संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून बचावातल्या प्रत्येक फाउलला समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता बास्केटवर मारायचे शॉट) मिळतात, जिच्यावर फाउल झाला ती खेळाडू शॉट मारत नसली तरी. चेंडू हिसकावण्याच्या नादात काल आपण तिथे फार लवकर पोचलो. पाय हलवा, हात वर ठेवा.

आपले फ्री थ्रो दमल्यावर चुकतात, म्हणून यापुढे ते धावण्याच्या सरावानंतर लगेच घेऊ.

पुढच्या सरावाला 15 मिनिटं आधी या. घोटा किंवा गुडघा दुखत असेल तर लपवू नका, आधीच कळवा.