विषय : मैदानावरच्या फ्लडलाइटच्या खांबांचं अर्थिंग

प्रति,
मा. अध्यक्ष व कमिटी सदस्य,
जुळे सोलापूर

स. न. वि. वि.

परवा संध्याकाळी वळवाचा पाऊस पडून गेल्यावर मुलं क्रिकेट खेळत होती. टाकीकडच्या खांबाला टेकलेल्या एका मुलाच्या हाताला मुंग्या आल्या. त्यानं हात झटकला आणि पुन्हा खेळायला पळाला, म्हणून ही गोष्ट कुणी मनावर घेतली नाही. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, "काय होत नाही वो काका, अर्थिंग केलंय की." दुसऱ्या दिवशी खांबांना ऑइलपेंट मारला गेला. रंगानं शॉक थांबत असता तर एका चादर कारखान्यात मी पंचवीस वर्षं वायरमनकी कशाला केली असती?

मल्टीमीटर घेऊन मी खांब ते ओली जमीन मोजलं. 90 व्होल्ट दाखवत होता. मेन बंद करून खांबाच्या पायथ्याचा डबा उघडला (त्याला झाकण नाहीच, नुसती पिशवी गुंडाळलेली आहे), तेव्हा कारण कळलं. खांबापर्यंत अर्थची वायर, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी वायर, आलेलीच नाही. न्यूट्रलमधून (दिव्यातून करंट परत नेणाऱ्या वायरीतून) वायरीचा एक तुकडा काढून खांबाच्या बोल्टला आवळलाय, आणि यालाच अर्थिंग म्हणतात! न्यूट्रल धड आहे तोवर हे चालून जातं. पण मागे कुठे न्यूट्रलचा जोड ढिला झाला किंवा तुटला, की फेजचा (दिव्याकडे येणाऱ्या जिवंत वायरीचा) करंट दिव्यातून न्यूट्रलवर येतो आणि त्याच तुकड्यातून थेट खांबावर. दिवा विझतो किंवा मिणमिणतो, खांब मात्र जिवंत होतो. तो दिवा गेले आठ दिवस लुकलुकतोय, हे सगळ्यांनीच पाहिलंय.

अर्थिंगचा खड्डा केलाय, मीठ-कोळसा टाकलाय, असं मागच्या सभेत सांगितलं गेलं. खड्डा आहे, वॉचमनच्या केबिनशेजारी. जुन्या कारखान्यातून अर्थ टेस्टर मागून आणून त्याचा रोध, म्हणजे करंट जमिनीत जायला होणारा अडथळा, मोजला. 34 ओहम. आता हिशेब पाहा. 230 भागिले 34, म्हणजे फेज खांबाला टेकून फॉल्ट झाला तरी सात अँपिअरसुद्धा वाहणार नाहीत. पॅनेलमध्ये एमसीबी (जादा करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) आहे 16 अँपिअरची. ती पडणारच नाही. तिला वाटेल एखादी इस्त्री चालू आहे. म्हणजे हा खड्डा खांबाला नीट जोडलेला असता तरी नुसत्या एमसीबीच्या जिवावर कुणी वाचलं नसतं.

त्यात आपली माती. काळ्या रानाला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्ड्यातल्या अर्थच्या रॉडभोवतीची माती आक्रसून सुटते आणि खाली लागतो मुरूम, तो तर कोरडाच. पहिला पाऊस वरची बोटभर माती भिजवतो, पोरांचे पाय ओले होतात, रॉडच्या तळाशी मात्र अजून उन्हाळाच असतो. वर्षातली सगळ्यात वाईट वेळ हीच, आणि आपण आत्ता त्याच आठवड्यात आहोत.

माझी मागणी अशी. पॅनेलपासून चारही खांबांपर्यंत सलग अर्थ वायर ओढावी, मधे कुठे पीळ मारलेला जोड नको. न्यूट्रलचे ते तुकडे चारही डब्यांतून काढून टाकावेत. आणि फ्लडलाइटच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवावी. ती खांबावरून गळणारा थोडासा करंटही ओळखून क्षणात लाइन तोडते, 34 ओहमचा खड्डासुद्धा तिला पुरतो. एक सावधगिरी : ते तुकडे आधी काढले नाहीत तर आरसीसीबी टिकणारच नाही, सारखी पडेल. मग कुणीतरी "पीस खराब आहे" म्हणून ती बायपास करेल. कारखान्यात मी हे दोनदा पाहिलंय. बसवल्यावर तिचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबायचं, ते काम मी घेतो. डब्यांना रबर पॅकिंगची झाकणं लागतील, आणि खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालायला वॉचमनला सांगावं लागेल.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं आणि त्याच्याकडून मोजमापाचा कागद घ्यावा. खर्च गणपतीतल्या मांडवाच्या लायटिंगपेक्षा जास्त येणार नाही, तेव्हा जनरल बॉडीची वाट पाहण्याचं कारण दिसत नाही.

खेळ बंद करा असं मी म्हणत नाही. जूनमध्ये सातपर्यंत उजेड असतोच. काल रात्री मी फ्लडलाइटची एमसीबी पाडून तिच्यावर "चालू करू नये" अशी चिठ्ठी चिकटवली आहे. आपली परवानगी न घेता केलं, ही माझी चूक, रविवारच्या मीटिंगमध्ये त्याबद्दल बोलू. पण चिठ्ठी तोवर कुणी काढू नये.

आपला,
ब विंग, तिसरा मजला