उद्यमबागच्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

नाव लिहीत नाही. "उगीच कशाला ओ सर" म्हणाल. बेळगावात कंप्रेसर सांभाळणारे निम्मे लोक अण्णाच, तरी ओळखणारे ओळखतील.

त्या शनिवारी मी हात टेकूनच तुमच्याकडे आलो होतो. नववीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "सर, अंतराळवीर सूटमध्ये सोडलेला श्वास जातो कुठं?" मी ठोकून दिलं, "बाहेर सोडतात." साफ चूक. तसं केलं तर ऑक्सिजनही त्याच वाटेनं जाईल. सूटमध्ये तीच हवा फिरत राहते, त्यातला कार्बन डायऑक्साइड तेवढा काढून घ्यावा लागतो.

घरी वाचत बसलो. स्पेस शटलच्या काळात हा वायू शोषायला लिथियम हायड्रॉक्साइडचा डबा असायचा, एकदा वापरला की फेकायचा. मग अंतराळ स्थानकावर सिल्व्हर ऑक्साइडचा डबा आला. वायू शोषून त्याचं कार्बोनेट होतं, आणि २०० अंशांच्या आसपास १० तास भट्टीत ठेवलं की वायू सोडून डबा पुन्हा तयार. (चांदी म्हटल्यावर मला आधी हुपरीच आठवली.) इथवर ठीक. पण नव्या सूटसाठी अमाइनच्या, म्हणजे हाच वायू धरणाऱ्या रसायनाच्या, थरांची जी जोडी बनवली, ती सूट अंगात असतानाच साफ होते, हे काही डोक्यात शिरेना.

तुम्ही समजावायच्या भानगडीत पडलाच नाही. कंप्रेसरच्या मागं नेलंत आणि एअर ड्रायरचे, म्हणजे हवेतलं पाणी काढणाऱ्या यंत्राचे, दोन उभे टॉवर दाखवलेत. "हात लावून बघा की." एक कोमट, एक गार. "हा पाणी पितोय, तो ओकतोय." तेवढ्यात व्हॉल्व्ह फिरला, फुस्स करून हवा सुटली, मी दचकलो आणि तुम्ही हसलात. "आता उलटं."

बस्स, तेच! एक थर श्वासातला वायू धरतो, तेव्हा दुसरा बाहेरच्या निर्वात पोकळीला उघडा असतो. दाब गेला की धरलेलं सुटतं. काही मिनिटांनी अदलाबदल. भट्टी नको, डबा बदलणं नको. आणि तुमचा तो कोमट-गार प्रकार तिथंही आहे: दोन्हींचे थर एकमेकांना लागून बसवलेले असतात, म्हणजे धरताना निघालेली ऊब सोडणाऱ्याच्या कामी येते.

तुम्ही दिलेली, ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांची पुडी वर्गात उघडी ठेवली होती. दाणे गुलाबी झाले, मग तापवून परत निळे केले. पोरं बाकावर चढून बघत होती.

निघताना तुम्ही विचारलंत, "मंगळावर हवा हाय म्हणतात, मग तिथं ह्यो ओकणार कसा?" मी गप्प बसलो होतो. प्रश्न बरोबर आहे अण्णा. तिथली हवा आपल्या एक टक्क्याहूनही विरळ, पण जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडच. नुसता व्हॉल्व्ह उघडून तिथं भागत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात 'अण्णांचा प्रश्न' म्हणून लिहून ठेवलाय, अजून पुसू दिलेला नाही.

येत्या शनिवारी त्या मुलीला घेऊन येतोय. ड्रायर चालू ठेवा. फुस्स व्हायच्या आधी तिला सांगू नका.

तुमचा,
सर