आधी नकार लिहून बघ

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आकाशनिरीक्षण क्लबाच्या सूचनेचे तिन्ही खर्डे वाचले. पहिला "सर्व सभासदांस कळविण्यात येते की" असा सुरू होतो आणि कळवतंय कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. दुसऱ्यात "दोस्तहो, रेडी ना???" आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग. तिसऱ्यात तू इतकी नम्र झाली आहेस की सत्र आहे की नाही, हे शोधावं लागतं. "आई, यातला कोणता?" असं विचारलंस. एकही नको.

तिन्ही वेळा तू स्वर आधी ठरवलास आणि मजकूर त्यात कोंबलास. वाचणारा कोण हे पक्कं झालं की स्वराचं बरंचसं काम तिथेच होतं. ॲलन बेल या भाषाअभ्यासकाने न्यूझीलंडमधल्या रेडिओवरच्या बातम्या ऐकून 1984 साली हेच मांडलं. तेच निवेदक दोन वेगवेगळ्या केंद्रांसाठी बातम्या वाचत, आणि केंद्र बदललं की त्यांचे उच्चार बदलत. माणूस तोच, बातम्याही तशाच. ऐकणारे तेवढे वेगळे.

तुझा वाचणारा कोण? लिहिताना तुझ्या डोळ्यांपुढे ते पाचसहा जण येतात, जे रोज बोलतात, ज्यांचे आपसातले विनोद ठरलेले आहेत. त्यांच्यासाठी लिहू नकोस. त्यांना तू कसंही लिहिलंस तरी समजतं. ज्या माणसाने नुकतंच नाव नोंदवलंय, अजून तोंड उघडलेलं नाही आणि पहिला प्रश्न विचारावा की नको या विचारात आहे, त्याच्यासाठी लिही. निरीक्षणाची रात्र सोडली तर क्लब पडद्यावरच भरतो, त्यामुळे कोण कोपऱ्यात अवघडून बसलंय ते तुला दिसत नाही. म्हणून तो आहेच असं धरून चालायचं.

समज, त्याने धीर करून विचारलं: "दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका फोटोसारखी रंगीत का दिसत नाही?" याला एक उत्तर असं: "हा प्रश्न पूर्वी अनेकदा येऊन गेला आहे. कृपया जुने संदेश पाहावेत." 'कृपया' आहे, 'पाहावेत' आहे, आदबीत काही उणं नाही, आणि तो माणूस पुन्हा काही विचारणार नाही. दुसरं असं: "पहिल्यांदा पाहताना जवळजवळ सगळ्यांना हेच वाटतं. इतक्या मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, म्हणून राखाडी ठिपका दिसतो. कॅमेरा मात्र कितीतरी वेळ प्रकाश साठवत राहतो." यात 'कृपया' नाही. त्याची गरजही पडली नाही. विकिपीडियावर जुन्या संपादकांसाठी 'नवख्यांना चावू नका' अशी एक सूचनाच आहे. ती लिहावी लागली, यातच काय ते आलं.

संबोधनाचं फार अवघड करू नकोस. पंधरा वर्षांच्या मुलापासून निवृत्त माणसापर्यंत सगळ्यांना 'तुम्ही'. सगळ्यांनी मिळून करायचं असेल तिथे 'आपण': "शनिवारी आपण शनी पाहू." 'आम्ही' मात्र जपून वापर. "आम्ही ठरवलं आहे" म्हटलं की ठरवणारे एका बाजूला आणि ऐकणारे दुसऱ्या बाजूला झालेच. शिवाय 'तुम्ही आलात' लिहिताना समोर बाई आहे की बुवा, याचा अंदाज बांधावा लागत नाही. नुसत्या नावावरून तो चुकतोही.

विनोदाबद्दल विचारलं होतंस. 2005 साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही वाक्यं उपरोधाने आणि काही गंभीरपणे पाठवायची, आणि समोरच्याने कोणतं कसलं ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटलं, शंभरात 78 वेळा बरोबर ओळखलं जाईल. आवाजातून 73 वेळा ओळखलं गेलं, ई-मेलवरून फक्त 56 वेळा. छापा-काटा केला असता तरी पन्नास झालेच असते! त्याच्याही आधी, 19 सप्टेंबर 1982 रोजी, कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी विरामचिन्हांचा आडवा हसरा चेहरा सुचवला, तोही अशाच घोटाळ्यामुळे. लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा काहींनी खरी धरली होती. तेव्हा सूचनेत उपरोध अजिबात नको. ढगांची हवी तेवढी थट्टा कर, त्यांना वाईट वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. स्वर जुळलाय की नाही हे तू स्वागताच्या मजकुरावर तपासते आहेस, आणि स्वागत कुणालाही गोड लिहिता येतं. कस लागतो तो 'नाही' म्हणताना. टॉर्चची सूचना घे. "पांढरा टॉर्च लावण्यास सक्त मनाई आहे" हे लिहायला सोपं. त्याऐवजी असं लिही: "डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पांढरा झोत एकदा जरी डोळ्यांवर आला तरी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागतं. म्हणून लाल उजेडाचा टॉर्च आणा. नसेल तर काचेवर लाल कागद बांधा." नियम तोच आहे, सैल झालेला नाही. फक्त कारण आलं आणि 'सक्त' गेलं. ज्या नियमाचं कारण तुलाच लिहिता येत नाही, तो नियम हवा का, हेही जरा बघ.

फोटो नाकारण्याचा मजकूर याहून नाजूक. "तुमचा फोटो अप्रतिम आहे, पण" असं कधी लिहू नकोस. पहिले तीन शब्द वाचतानाच माणूस 'पण'ची वाट पाहतो आणि स्तुती वाया जाते. निर्णय आधी, कारण लगेच, आणि कारण असं की त्याला पुढे काही करता यावं: "हा फोटो या महिन्याच्या निवडीत घेत नाही आहोत. तारे रेघांसारखे ओढले गेले आहेत. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 50 मिमीची लेन्स असेल तर एक्स्पोजर साधारण 10 सेकंदांच्या आत ठेवून बघा." हे त्या एकट्याला कळव. (इथे 'आहोत' चालेल. निवड खरंच तुम्ही चौघं करता, ते लपवण्यात अर्थ नाही.) कौतुक मात्र सगळ्यांसमोर कर, आणि नेमकं कर, 'मस्त' म्हटल्याने काय मस्त ते कळत नाही.

कुणी चिडून लिहिलं तर त्याच रात्री उत्तर नको. ऑक्टोबर 1995 मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका, आरएफसी 1855, निघाली. रागाच्या भरातलं उत्तर एक रात्र थांबून पाठवावं, असं तिच्यात तेव्हाच लिहिलंय. तुझी रात्री अकरानंतरची वाक्यं मला लांबूनही ओळखू येतात: आखूड असतात आणि शेवटी पूर्णविराम ठोकलेला असतो.

स्वराची नियमावली करायचं म्हणत होतीस, ते राहू दे. उद्या दुसरं कुणी लिहायला बसलं तर 'आपुलकीने पण नेमकं लिहावे' हे वाचून त्याला काही सुचणार नाही. त्यापेक्षा चारपाच खरे मजकूर जपून ठेव: एक उत्तर, सत्राची आठवण करून देणारा एक संदेश, एक नकार, ढगांमुळे रद्द झालेल्या सत्राची एक सूचना. त्यावरून पुढचा माणूस सूर आपसूक धरतो.

फोटोचा नकार लिहिलास की मला पाठव. स्वागताची घाई नाही.

तुझी,
आई