माझ्या लेकीलाही फाटकाच्या आत खेळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की पेपरात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती येतात. पोहणं, चित्रकला, नाच. मी त्या वाचते, कारण दादरच्या हिंदू कॉलनीत एका घरी मी मुलगा सांभाळते. सव्वा वर्षाचा होता तेव्हापासून तो माझ्याकडे आहे, आता सात वर्षांचा झाला. त्याचे आईबाबा नोकरीला जातात, त्यामुळे सुट्टीतला त्याचा सगळा दिवस माझ्याबरोबर जातो.

शाळा असते तेव्हा मधल्या वेळात मी आणखी एका घरी पोळ्या करते. सुट्टीत ते काम सोडावं लागतं, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात त्याच्याकडेच. तास वाढतात आणि हातात येणारे पैसे कमी होतात. आमच्यासाठी 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, माझी नोंदणीही आहे. पण कामाचे तास आणि हक्काची रजा यांबद्दल त्यात काही नाही. असो, आजचं पत्र त्यासाठी नाही.

सुट्टीत आम्ही काय करतो ते आधी सांगते. दुपारी मी त्याला उन्हात नेत नाही. माझ्या आजीचे पाच सागरगोटे मी गावाहून आणलेत, राखाडी रंगाचे, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. मागच्या वर्षी त्याला एक वर उडवून खालचा एकसुद्धा उचलता येत नव्हता, आता चारही एका मुठीत घेतो. पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर तोच कुस्करतो, गूळही तोच घालतो. त्याच्या आजी पोह्याचे पापड करतात त्या दिवशी तेलात बुडवलेल्या लाट्या खायच्या आणि मग डोक्याला टोपी घालून, काठी घेऊन गच्चीच्या दारात कावळे हाकलत बसायचं. तो हे काम फार मन लावून करतो.

ऊन उतरलं की फाइव्ह गार्डन. खाली पडलेली गुलमोहराची फुलं गोळा करतो. फुलातले लांब केसर म्हणजे आमचे कोंबडे. दोघांनी एकेक धरायचा, डोक्यात डोकं अडकवून ओढायचं, ज्याचं डोकं तुटलं तो हरला. त्या फुलाच्या पाच पाकळ्यांतली एक वेगळी असते, पांढरट आणि ठिपक्यांची. ती त्याची त्याने शोधून काढली, मी सांगितली नव्हती. बुधवार सोडून एखाद्या दिवशी राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जातो.

पण सगळ्यात मोठी गंमत शून्य सावलीची. मुंबईत वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. जुलैत ढग असतात, म्हणून मेचाच दिवस धरायचा. तारीख 15 मेच्या आसपास, वेळ दुपारी 12 वाजून 35 मिनिटांच्या सुमारास. बाराला का नाही, हे त्याच्या आजोबांनी आम्हा दोघांना नकाशा काढून समजावलं. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेली, आणि मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर उशिरा येतो. मागच्या वर्षी आवारात फरशीवर स्टीलचा सरळ पेला उपडा ठेवला. सावली सरकत सरकत पेल्याच्या बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. मुलगा स्वतःभोवती फिरून आपली सावली शोधत होता. दहावीपर्यंत शिकले, पण हे मी चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितलं.

त्या दिवशी माझी मुलगी घरी होती. ती नऊ वर्षांची आहे. आम्ही वडाळ्याला कोरबा मिठागरला राहतो, एक खोली, वर पत्रा. अकरानंतर पत्रा तापतो. शेजारच्या काकी लक्ष ठेवतात, पण त्यांनाही त्यांची कामं असतात. पालिकेची शाळा मेच्या सुरुवातीला सुटते आणि जूनच्या मध्यापर्यंत ती त्या खोलीत असते. पेल्याची गोष्ट तिला रात्री सांगितली तर म्हणाली, "मग मला का नाही नेलंस?"

मुलाच्या आईला, ताईंना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "आणा की मावशी, दोघं खेळतील." दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन आले. आवारात लगोरी मांडली, बिल्डिंगची आणखी तीन मुलं आली. अर्ध्या तासात वॉचमन आला. म्हणाला, सोसायटीच्या कमिटीने सांगितलंय, बाहेरची मुलं आवारात नकोत. त्याचा दोष नाही, त्याला सांगितलं तसं तो बोलला. माझी मुलगी काही न बोलता चपला घालून फाटकाबाहेर जाऊन बसली. लगोरी मोडली. थोड्या वेळाने मुलगा वर गेला, सागरगोटे घेऊन आला आणि फाटकापाशी आतल्या बाजूला बसला. संध्याकाळपर्यंत दोघं गजांमधून हात घालून खेळली. ती बाहेर, तो आत. मी आतल्या बाजूला उभी होते.

ताईंनी कमिटीला विचारलं तेव्हा उत्तर आलं, सुरक्षेचा प्रश्न आहे. सुरक्षा मलाही कळते. याच आवारात कुणाचंही मूल पडलं तर गुडघा मीच धुते, आणि गाडी मागे येत असली की आधी मीच ओरडते. माझ्या मुलीचं नाव वॉचमनच्या वहीत रोज लिहा, ती माझ्या नजरेसमोर असेल, मी निघेन तेव्हा माझ्याबरोबर निघेल. लिफ्ट, झोपाळा, काही नको म्हणत असाल तर तेही चालेल. मुंबईत कितीतरी बायका दुसऱ्यांची मुलं सांभाळतात आणि त्यांची स्वतःची मुलं मे महिनाभर बंद खोलीत असतात. सोसायट्यांनी ठरवलं तर यात कुणाचा एक रुपया खर्च होत नाही.

मेची 15 तारीख जवळ आली आहे. यंदाही पेला ठेवायचा आहे, एक दिवस आधी आणि एक दिवस नंतरही, म्हणजे चुकायला नको. त्या तीन दिवशी दुपारी बारा ते एक माझ्या मुलीला आवारात येऊ द्यावं, असा अर्ज मी कमिटीकडे दिला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

– मुलं सांभाळणारी एक मावशी, वडाळा (पूर्व), मुंबई