खताबियाण्यांच्या स्कीममधली पट्टाया

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तासगावात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. यजमान गेल्यापासून दुकान मीच बघते. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीआधी कंपन्यांच्या स्कीम येतात: इतका माल उचला, थायलंडची बँकॉक-पट्टाया सहल मिळवा. एका कंपनीचं टार्गेट आमच्या दुकानानं पूर्ण केलं, तेव्हा त्यांचे साहेब म्हणाले, "ताई, तुमच्याऐवजी भावाला पाठवा, नाहीतर सोन्याचं नाणं घ्या. तिथलं वातावरण बायकामाणसांना बरं नाही." म्हणजे तिथं काय चालतं हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी बाकीच्या दुकानदारांना ती स्वखर्चानं तिथंच नेत होती. परत आलेल्यांच्या गप्पा गोदामाच्या दारात कानावर पडतात. बहुतेक इथं लिहिण्याजोग्या नाहीत. पण "पोरगी जेमतेम सोळाची असेल" हे हसत हसत बोललेलं मी ऐकलं, म्हणून हे पत्र.

पट्टाया पूर्वी कोळ्यांचं गाव होतं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिक तिथं सुट्टीला येऊ लागले, त्यांच्यासाठी बार आणि देहविक्रीचे अड्डे उभे राहिले. युद्ध संपलं, सैनिक गेले, धंदा पर्यटकांवर वाढला. त्यासाठी मुली येतात त्या ईशान्य थायलंडच्या कोरडवाहू खेड्यांतून, म्यानमार, लाओस, कंबोडियातून. फसवून आणलेल्या मुलीच्या प्रवासाचा, कागदपत्रांचा खर्च तिच्याच नावावर चढतो आणि तो फिटेपर्यंत तिची सुटका नसते. ऊसतोडीची उचल पाहिलेल्या आपल्या भागाला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. 1984 मध्ये फुकेत शहरात एका कुंटणखान्याला आग लागली, तेव्हा आत कोंडलेल्या पाच मुली जळून मेल्या. त्यांना बाहेर पळताच आलं नाही.

तिथली प्रत्येक बाई फसवून आणलेली असते, असं मी म्हणत नाही. आमच्याच सांगलीत गोकुळनगरच्या देहविक्री करणाऱ्या बायकांनी आपली संघटना बांधली आहे, आपल्या हक्कांबद्दल त्या स्वतः बोलतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण चार दिवसांच्या सहलीवर गेलेल्या, भाषाही न कळणाऱ्या माणसाला समोरची मुलगी स्वतःहून आली आहे की कर्जात अडकली आहे, हे कसं कळणार? आणि ती अठराच्या आतली असेल, तर तिची संमती थायलंडचा 1996 चा कायदाही मानत नाही. गिऱ्हाइकाला तुरुंगवास आहे. भारतीय नागरिकानं परदेशात केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिताही लागू होते. केंद्र सरकारच्या मंजुरीनं इथं खटला चालू शकतो. सहलीला निघणाऱ्या किती जणांना कुणी हे सांगतं?

गोव्यात मडगावला फ्रेडी पीट्स नावाचा माणूस अनाथ मुलांसाठी आश्रम चालवायचा आणि ती मुलं परदेशी पर्यटकांना पुरवायचा. 1991 मध्ये तो पकडला गेला, 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. तेव्हा "हे गोरे इथं येऊन आपल्या लेकरांचं काय करतात" म्हणून आपण पेटून उठलो, ते योग्यच होतं. पुढे 2003 मध्ये गोव्यानं बालकांसाठी वेगळा कायदा केला. नातलगाबरोबर नोंद असल्याशिवाय कुठलंही मूल हॉटेलच्या खोलीत जाऊ देऊ नये, ही जबाबदारी मालक-मॅनेजरवर टाकली. आता गिऱ्हाईक म्हणून जाणाऱ्यांत आपली माणसं आहेत. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसामाफी दिल्यावर जाणं आणखी सोपं झालं. गोव्यातली लेकरं आपली आणि कंबोडियातली परकी, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कंपन्यांना माझी विनंती आहे की, बक्षीस द्यायचंच तर बिलात सूट द्या, नाहीतर नवरा-बायको, मुलंबाळं जाऊ शकतील अशी सहल द्या. सहल नेणाऱ्यांनी थायलंडचा कायदा मराठीत छापून प्रत्येकाच्या हातात द्यावा आणि तो वाचल्याची सही घ्यावी. आणि संपादक महोदय, आपल्या पर्यटन पुरवणीत "खास पुरुषांसाठी थायलंड" अशा जाहिराती येतात. त्या घेणं थांबवा. त्या जाहिरातीत काय विकलं जातं, हे छापणाऱ्यालाही कळतं.

येत्या छाटणीला अशा स्कीमचा माल आम्ही उचलणार नाही, हे त्या साहेबांना कळवलं आहे. तालुक्यातल्या इतर दुकानदारांशीही बोलते आहे. दोघांनी होकार दिला, बाकीचे विचार करतो म्हणाले.

– एक कृषी सेवा केंद्रचालक, तासगाव (जि. सांगली)
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)