सिग्नलचं पण छापा की!

संपादक साहेब, नमस्कार. पुण्यात जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे तरी मॉडेल रेल्वे म्हटलं की लोकांना पोरखेळच वाटतो, जरा सिग्नलबद्दल पण छापा ना. मॉडेल रेल्वे चालवायला जेएमआरआय नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक सिग्नलला पुढचा सिग्नल कोणता ते सांगायचं, मग दोन सिग्नलमधल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे रुळाच्या तुकड्यात, गाडी आली की लाल, त्याच्या मागचा पिवळा, त्याच्याही मागचा डबल पिवळा असं आपोआप लागत जातं, भारी वाटतं बघायला! पण ब्लॉकला गाडी आहे की नाही ते ओळखणारा सेन्सरच नसेल तर गाडी उभी असताना पण हिरवा लागू शकतो, म्हणून दिव्यांआधी सेन्सरवर पैसे घाला. आणि आपल्या भारतीय रेल्वेसारखा डबल पिवळा हवा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ब्रिटिश सिग्नल पद्धत निवडा, अमेरिकन घेऊ नका.

— एक वाचक, पुणे